थोरल्याची मर्जी

सोमवार, ३

ही वही ताईने दिली त्याला बरेच दिवस झाले. रोज झोपताना "उद्यापासून लिहू" असं ठरवते आणि झोपते. एकदा पेन सापडलं नाही. एकदा सापडलं, पण त्यातली स्प्रिंग किती लांब उडते ते बघण्यात संध्याकाळ गेली, आणि मग स्प्रिंग सापडली नाही. ताई म्हणते, "भिंगरे, कुठे होतीस, काय करत होतीस, कुठेतरी नोंद असू दे. आईने विचारलं की मला काही सांगता येत नाही." मी म्हटलं, मलाही येत नाही, मग वहीला कुठून येणार. पण आज लिहायलाच हवं. आज मला नोकरी लागली.

म्हणजे झालं असं. सिनेमागृहातलं काम सुटल्यावर मी ताईकडे येऊन राहिले. बाळाला सांभाळायला आले असं आम्ही सगळ्यांना सांगितलंय. परवा घरातलं इंटरनेट बंद पडलं. मी इंटरनेटचा डबा बंद केला, पाणी पिऊन आले आणि डबा चालू केला. इंटरनेट आलं. भावोजी माझ्याकडे बघतच राहिले.

"हिला कॉम्प्युटरमधलं कळतं," ते ताईला म्हणाले.

"हिला कॉलेजातली दोन वर्षं कळली नाहीत," ताई म्हणाली.

पण भावोजींना नड होती. ते एका लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत ऑफिस सांभाळतात. तिथला कॉम्प्युटरवाला, ज्याला सगळे चष्मा म्हणायचे, दुसरीकडे गेला, आणि जाताना फक्त एका पेटीवर "हात लावू नये" अशी चिठ्ठी चिकटवून गेला. आणि रोज सकाळी तिथले कॉम्प्युटर उघडायलाच तयार नसतात. नाव टाका, पासवर्ड टाका, की एक पांढरं कडं फिरायला लागतं, ते फिरतच राहतं. तोवर शहरात ठिकठिकाणी लोक लिफ्टमधे अडकून फोन करत असतात.

कंपनीच्या मालकीण, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, त्यांनी सांगून टाकलंय: हे या महिन्यात सुधारलं नाही तर तक्रारींची खोली बंद. फोन घेण्याचं काम बाहेरच्या कुठल्यातरी कंपनीला द्यायचं. खोलीत सहा माणसं आहेत. भावोजींना आठवड्यापासून धड जेवण जात नाही.

मी हो म्हटलं. कॉम्प्युटर बंद करून चालू करायचा, त्यात काय.

मंगळवार, ४

बंद करून चालू केला. काही झालं नाही.

पण ऑफिस झकास आहे. आमचा मजला चौथा. लिफ्टवाल्यांच्या इमारतीतली लिफ्ट कशी असेल? ती दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे थांबते, थोडा वेळ विचार करते आणि मग आपली आपण वर येते. आत दिवा असतो, पंखा असतो, बसायला कोणीतरी स्टूल ठेवलंय. हिशेब विभागातले एक गृहस्थ मुद्दाम पेपर घेऊन लिफ्टने येतात. बाकीचे जिन्याने. दुरुस्त का करत नाही, असं मी वॉचमनकाकांना विचारलं. ते म्हणाले, "गिऱ्हाइकांच्या संपल्या की आपली."

तक्रारींच्या खोलीत आक्का मुख्य. केस पांढरे, आवाज सैन्यातला. त्यांच्या टेबलावर पितळेची छोटी घंटा असते. त्या घंटेची पद्धत मला फार आवडली. पूर्वी काय व्हायचं, जो आधी लॉगिन करेल त्याच्या गळ्यात पहिला फोन पडायचा, आणि सकाळचा पहिला फोन म्हणजे कामावर निघालेला, अडकलेला, तापलेला माणूस. म्हणून कोणीच आधी लॉगिन करायचं नाही. एक जण तर सकाळी हात धुवायला जायचा तो दुपारीच परतायचा. शेवटी आक्कांनी नियम केला: सगळ्यांनी बसायचं, पासवर्ड घालायचा, बोट एंटरवर ठेवायचं, आणि त्यांनी घंटा वाजवली की सगळ्यांनी एकदम दाबायचं. मग ज्याच्या नशिबात असेल त्याला फोन. पुढे ती घंटा ऐकून पलीकडचा हिशेब विभाग आणि सुट्या भागांचा विभागसुद्धा तिच्याच ठेक्यावर एंटर मारायला लागला. आता अख्खा मजला एका दमात एंटर मारतो. खाट्. पायाखाली जाणवतं.

मग कडं फिरत बसतं. तेवढ्यात चहा होतो, एकमेकांच्या सासरची विचारपूस होते, आणि कोपऱ्यातल्या जुन्या साध्या फोनवर असतो तो गवई. त्याला गवई म्हणतात कारण अडकलेल्या लोकांना तो गाणं म्हणून शांत करतो. आज एक बाई आत रडत होत्या. त्याने एक अंतरा म्हटला. बाई म्हणाल्या, "दार उघडा, पण तुम्ही थांबू नका."

आक्का मला म्हणाल्या, "पोरी, चष्म्याने काही शिकवून ठेवलं नाही?"

म्हटलं, "मला चष्मा लागत नाही."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पेटी बघायला निघून गेले.

पेटी म्हणजे थोरला. कपाटवजा खोलीत एक काळं धूड, त्याला सगळे थोरला म्हणतात. प्रत्येकाचं सगळं सामान, कागदपत्रं, फोटो, सगळं त्याच्या पोटात असतं. सकाळी कोणी नाव-पासवर्ड घातला की थोरला त्या माणसाचं सामान पोटातून काढतो आणि तारेतून त्याच्या टेबलावर धाडतो. मगच कॉम्प्युटर उघडतो. थोरल्यातून बाहेर जाणारी जाड तार एकच आहे. बाकी नुसते दिवे. दिवे बघत मी बराच वेळ बसले. हिरवे, पिवळे, मधेच सगळे एकदम. लग्नाच्या मांडवाला लावावेत इतके छान.

गुरुवार, ६

तार असणार. जाड तार एका जागी वाकलेली होती. मी नवी तार मागवली. घालायला छतात चढले. छतात एक पंख, दोन बॅडमिंटनची फुलं आणि कोणाचा तरी डबा सापडला. डबा उघडायला नको होता.

तार बदलली. सकाळी घंटा, खाट्, कडं. तेवढंच फिरलं.

भावोजी माझ्यामागे उभे होते. ऑफिसात ते मला नावाने हाक मारत नाहीत, "संगणक विभाग" म्हणतात. म्हणाले, "संगणक विभागाचं काय म्हणणं आहे?"

म्हटलं, "तार नव्हे. तारेत गर्दी नाही, मी बघितलं. दुपारी कडं फिरतसुद्धा नाही."

"दुपारी कोण लॉगिन करतं?"

"एखादा. ज्याचा मधेच बंद पडतो तो."

"मग सकाळीच का?"

या प्रश्नावर मी खूप विचार केला. सकाळी थंडी असते. थोरला गारठत असेल. मग आठवलं, तो तर गरम असतो, हात लावला तर चटका बसतो. म्हणजे उकडत असेल.

सिनेमागृहात मी दारावर होते तेव्हाही उकडायचं. मध्यंतर झालं की आतले सगळे एकदम उठायचे, दार एकच, आणि मग कोणीच बाहेर पडायचं नाही. नुसत्या कोपरांची मारामारी. मी आडवी उभी राहायचे आणि रांगेरांगेने सोडायचे, म्हणजे मक्याच्या लाह्या संपायच्या आत सगळे बाहेर. मालक म्हणायचा, ही पोरगी धरणाच्या दारावर बसवायला हवी. छान होतं ते काम. पडद्यामागचा उंदीर तर माझ्या ओळखीचा झाला होता. पण मी कुठून कुठे गेले. पंखा. थोरल्याला पंखा लावायचा.

शनिवार, ८

घरचा टेबलफॅन नेला. ताईने विचारलं, आम्ही काय करायचं. म्हटलं, तुम्ही सहा माणसांचा विचार करा. ताई म्हणाली, "आम्ही तीन आहोत, त्यातलं एक दात येणारं."

शिवाय मला दुसरं एक सुचलं. सामान जितकं जास्त तितका थोरल्याला उचलायला वेळ. म्हणून सगळ्यांना सांगितलं, पडद्यावरचे फोटो काढा. तर खोलीत सुतक. सुट्या भागांच्या बाईंकडे एका मांजराचे इतके फोटो होते की मांजर आयुष्यात दुसरं काही करत नसावं. गवईकडे एका मुलीचा एकच फोटो होता, पण भलामोठा. काढ म्हटलं तर लाजला. आक्का म्हणाल्या, "ठेव रे तो. हिला काय कळतंय. लग्नाची बोलणी चालली आहेत त्याची."

मांजर गेलं. कडं किंचित कमी फिरलं. किंवा मला तसं वाटलं.

रविवार, ९

जमलं.

आज सुट्टी. पंखा रात्रभर चालू ठेवला होता म्हणून सकाळी बघायला गेले. मजल्यावर मी एकटी. गवईच्या खुर्चीवर बसले, माझं नाव घातलं, एंटर मारला. कडं दिसलंच नाही. डोळा मिटून उघडला तोवर कॉम्प्युटर उघडा. आक्कांच्या टेबलावरून केलं. तसंच. हिशेबवाल्यांच्या टेबलावरून केलं. तसंच. मग मी चाकाच्या खुर्चीवर बसून त्या टोकापासून या टोकापर्यंत घरंगळत गेले, कारण मजला रिकामा रोज मिळत नाही.

घरी येऊन सांगितलं, झालं काम, पंखाच होता. भावोजींनी तिथल्या तिथे मोठ्या बाईंना फोन लावला. फोनवर ते उभे राहून बोलतात. मोठ्या बाई म्हणाल्या, शुक्रवारी सकाळी मी स्वतः येऊन बघेन, आणि त्याच दिवशी काय तो निर्णय सांगेन. भावोजींनी आज दोनदा भात घेतला. ताईने माझ्या केसांना तेल लावून दिलं, जे ती फक्त माझा अभिमान वाटला की करते. शेवटचं मी दहावी झाले तेव्हा लावलं होतं.

सोमवार, १०

घंटा. खाट्. कडं.

फिरत राहिलं. चहा झाला, दुसरा चहा झाला. गवईची दोन गाणी झाली. भावोजी काचेच्या दाराआड उभे होते. आत आले नाहीत.

मला वाटतं थोरला फक्त माझं ऐकतो. मी एकटी असले की शहाण्यासारखा वागतो, माणसं जमली की रुसतो. बाळही असंच करतं.

मंगळवार, ११

भावोजी ओरडले असते तर बरं झालं असतं. रात्री ताटात भात तसाच.

दुपारी आक्का माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, "पोरी, खरं सांग. होणार आहे का? नसेल तर मला आधी कळू दे. गवईच्या लग्नाचं बोलायला मुलीकडचे रविवारी यायचेत. नोकरी आहे म्हणून यायचेत."

"आणि तुमचं?"

"माझं काय. मी या शहरातल्या प्रत्येक लिफ्टशी बोललेली आहे. निवृत्त झाले तर घरी बोलायला भिंत आहे."

म्हटलं, होईल. मला ठाऊक नव्हतं, तरी म्हटलं. एरवी मी असं म्हणते तोवर माझी बॅग भरलेली असते.

गुरुवार, १३

काल दिवसभर थोरल्यापुढे बसले. त्याच्याशी बोलले. गवईने येऊन एक अंतरासुद्धा म्हटला. दिवे पूर्वीसारखेच.

आज आक्कांच्या घंटेचा आवाज बसला. वाजवली तर खोकल्यासारखी वाजली. मोठ्या बाईंसमोर अशी घंटा नको म्हणून मी ती संध्याकाळी घरी आणली, आतला लोलक सैल झाला होता, तार गुंडाळून बसवला. निदान एक तरी गोष्ट दुरुस्त झाली. तर बाळाने ती बघितली. आता घंटा बाळाची. काढून घेतली की असा टाहो फोडतं की खालचे लोक वर येतात. झोपेतही मुठीत.

बॅग भरून ठेवली आहे. पहाटेच्या गाडीने निघेन. भावोजींना चिठ्ठी लिहायला घेतली, पण "भावोजी" याच्या पुढे काय लिहायचं ते सुचेना, म्हणून चिठ्ठीवर थोरल्याचं चित्र काढलं. बरं आलंय.

शुक्रवार, १४

पहाटे उठले तर एकच चप्पल. सगळं घर शोधलं. ताई स्वयंपाकघरातून म्हणाली, "दुसरी ऑफिसातून परत आलीस की मिळेल." ती झोपते कधी कोणास ठाऊक.

म्हणून ताईची चप्पल घालून ऑफिसला आले. दोन नंबर मोठी आहे, चालताना फटक फटक वाजते. आता दुपार आहे. जेवणाची सुट्टी चालू आहे आणि मी थोरल्याच्या खोलीत बसून लिहिते आहे, कारण सकाळी जे झालं ते लिहून ठेवलं नाही तर माझाच विश्वास बसणार नाही.

मोठ्या बाई आल्या. जिन्याने. करड्या साडीत, हातात घड्याळ, मनगटावर नव्हे, हातात. तक्रारींच्या खोलीत आक्कांच्या अगदी मागे येऊन उभ्या राहिल्या. सगळे पासवर्ड घालून बोट ठेवून बसले.

आक्का तोंडातल्या तोंडात म्हणाल्या, "घंटा?"

मी म्हटलं, "बाळाकडे."

"कोणाच्या?"

"आमच्या. मुठीत आहे."

"मग टाळी वाजव," गवई कुजबुजला.

"मालकिणीसमोर टाळ्या वाजवू? मी काय बालवाडी चालवते?" आक्का म्हणाल्या.

"सुरू करा ना," मोठ्या बाई म्हणाल्या.

कोणीच दाबेना. एकमेकांकडे बघतायत. तू कर, नाही तू कर, मागच्या वेळी मीच घेतला होता. शेवटी गवईने सुस्कारा टाकला आणि एकट्याने एंटर मारला. कॉम्प्युटर उघडला. नुसता उघडला. त्याच्या गळ्यात फोन पडला आणि तो गायला लागला, मग शेजारचीने हिंमत केली. उघडला. मग एकेक करत आक्कांपर्यंत. उघडला. आवाज नाही म्हणून पलीकडच्यांना कळेना कधी दाबायचं, ते आपले डोकावून डोकावून, कोणी आता, कोणी चहा ठेवून. सगळे उघडले. पांढरं कडं कोणाला दिसलंसुद्धा नाही.

मोठ्या बाईंनी घड्याळाकडे बघितलं, मग कानाला लावलं.

"काय केलंत?" त्यांनी मला विचारलं.

"पंखा," मी म्हटलं.

त्या थोरल्याला बघायला आल्या. टेबलफॅनकडे बघितलं. त्यावर बाळाची टोपी लटकत होती ती मी काढून घेतली. त्या म्हणाल्या, "एकदा जमणं म्हणजे जमणं नव्हे. जेवणानंतर सगळ्यांनी बंद करून पुन्हा उघडायचं. माझ्यासमोर. तेव्हाही असंच झालं तर तक्रारींची खोली इथेच राहील, आणि मी तसं आजच लिहून देईन."

भावोजींनी भिंतीला हात टेकला.

बाहेर सगळे खुशीत जेवतायत. फक्त आक्का कुरकुर करतायत. आत्ता इथे डोकावून गेल्या. "झालं ते चांगलं झालं, पण असं मागेपुढे नको बाई. गवईला लागोपाठ पडले फोन, घसा बसला त्याचा. त्याच्यावर अन्याय आहे हा. माझी घंटा असती म्हणजे कसं नीट शिस्तीत झालं असतं."

बरोबर आहे त्यांचं. मी म्हटलं, उद्या नक्की आणते.

मला एकच कळत नाही, पंखा शनिवारपासून चालूच होता. मग आजच का? आज काय वेगळं होतं? मोठ्या बाई होत्या. ताईची चप्पल होती. थोरला मालकिणीला घाबरला असेल. आणि घंटा नव्हती, पण घंटेचा आणि थोरल्याचा काय संबंध.

फोन वाजला म्हणून थांबले होते. खालून वॉचमनकाका. म्हणाले, "तुमची ताई आलीय."

मी म्हटलं, कोणाची? ताई बाळ झाल्यापासून कोपऱ्यावरच्या दुकानापलीकडे गेलेली नाही. या ऑफिसची पायरी तर लग्नानंतर चढलेली नाही.

"तुमचीच. कडेवर बाळ आहे, त्याच्या हातात घंटा आहे. म्हणतायत, सकाळपासून वाजवून वाजवून डोकं उठवलंय, ज्यांची आहे त्यांना देऊन टाकते. वर पाठवू का?" त्यांच्या मागून घंटा ऐकू येत होती. लोलक छान बसलाय. अगदी चौथ्या मजल्यावर पोचेल असा खणखणीत.

पहिल्यांदा मला आनंदच झाला. आक्का किती खूश होतील, वेळेवर आली घंटा, असं वाटलं. दारातून बघितलं तर सुट्टी संपत आली होती. सगळे हात पुसत खुर्च्यांवर बसत होते. कॉम्प्युटर बंद करून, पासवर्ड घालून, एकेकाचं बोट आपसूक एंटरवर जात होतं. मोठ्या बाई घड्याळ काढून उभ्या. आणि खालून घंटेचा तो आवाज कुठूनसा जिन्यातून वर आला, तर सगळ्या माना एकदम वर झाल्या. अख्ख्या मजल्याच्या. मध्यंतर झालं की व्हायच्या तशा.

दार एकच. सगळे एकदम उठलेले.

अगं बाई.

"हॅलो," वॉचमनकाका म्हणाले. "जिन्यानं पाठवू ना?"

"नको नको," मी म्हटलं. "कडेवर बाळ आहे. लिफ्टनं पाठवा."